डूलिनमधील दुपारचे जेवण आणि आयरिश पारंपरिक संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत, डूलिन नावाचे एक लहान गाव आहे. क्लिफ्स ऑफ मोहर हे समुद्रकाठचे उंच कडे पाहायला जाणारे अनेक प्रवासी तिथे दुपारच्या जेवणासाठी थांबतात आणि जेवणासोबत पारंपरिक संगीतही ऐकायला मिळावे, अशी त्यांची इच्छा असते. अशी सहल आखणाऱ्या मराठी मंडळींकडून, म्हणजे डब्लिन किंवा कॉर्कमध्ये नोकरीनिमित्त राहणारी कुटुंबे, उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे आई-वडील, विद्यार्थी आणि पुण्या-मुंबईहून गटाने येणारे प्रवासी यांच्याकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. वेळा आणि दर बदलत असतात. निघण्यापूर्वी संबंधित पबला फोन करून खात्री करून घ्यावी.

१. केल्टिक संगीत आणि आयरिश संगीत एकच आहे का?

आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेतॉन या भाषा केल्टिक कुळातल्या आहेत आणि त्या प्रदेशांच्या लोकसंगीताला मिळून जगभर केल्टिक संगीत म्हटले जाते. प्रत्यक्षात स्कॉटलंडचे, फ्रान्समधील ब्रिटनीचे आणि आयर्लंडचे संगीत वेगवेगळे ओळखू येते. डूलिनमध्ये ऐकायला मिळते ते आयरिश पारंपरिक संगीत आणि वादक त्याला नुसते ‘ट्रॅड’ म्हणतात. वादकांनी पबमध्ये एकत्र बसून वाजवण्याला सेशन म्हणतात (पाहा प्रश्न ५). फोनवर ‘आज ट्रॅड सेशन आहे का?’ असे विचारले, तर नेमके उत्तर मिळते. नुसते ‘लाइव्ह म्युझिक आहे का?’ असे विचारल्यास गिटारवर लोकप्रिय गाणी म्हणणारा एखादा गायक असला, तरी होकारच येतो.

२. यासाठी डूलिनच का? डब्लिनमध्ये पब कमी आहेत का?

डब्लिनमध्येही उत्तम वादन ऐकायला मिळते. स्मिथफील्डमधील ‘कॉबलस्टोन’ या पबच्या जागेवर हॉटेल उभारण्याची योजना २०२१ मध्ये पुढे आली, तेव्हा वादक आणि श्रोते रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने ती परवानगी नाकारली. शहराला या संगीताची किती आच आहे, हे त्यातून दिसले. तरीही क्लेअर काउंटीची गोष्ट वेगळी आहे, कारण येथे हे संगीत शेतकरी आणि मजूर घरांमधून अखंड चालत आले. डूलिनचे मिको, पॅकी आणि गसी हे तीन रसेल बंधू त्याच परंपरेतले. टिन व्हिसल ही धातूची छोटी उभी बासरी वाजवणारे मिको रसेल (१९१५–१९९४) पुढे देशाबाहेरही ओळखले गेले, आणि त्यांना ऐकायला १९६० आणि १९७०च्या दशकांत तरुण मंडळी डूलिनला येऊ लागली. त्यांच्या स्मरणार्थ गावात दर फेब्रुवारीत संगीताचे संमेलन भरते.

गाव दोन भागांत विभागलेले आहे. समुद्राकडच्या फिशर स्ट्रीटवर १८३२ पासूनचा ‘ओ’कॉनर्स’ हा पब आहे, तर वरच्या रोडफर्ड भागात ‘मॅकगॅन्स’ आणि ‘मॅकडरमॉट्स’ आहेत. दोन्ही भागांमध्ये सहज चालत जाण्याइतकेच अंतर आहे.

३. दुपारी खरंच संगीत असतं का? आम्ही तर रात्री असतं असंच ऐकलंय.

ज्यांची निराशा होते त्यांची बहुतेक वेळा याच मुद्द्यावर होते. आयर्लंडमध्ये ट्रॅड सेशन हा मुळात रात्रीचा प्रकार आहे; रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास वादक जमतात आणि पब बंद होईपर्यंत वाजवतात. दुपारचे सेशन हा अपवाद आहे, आणि तो प्रामुख्याने तीन प्रसंगी भेटतो : रविवारी दुपारी, उन्हाळ्याच्या ऐन हंगामात आणि गावात एखादा संगीतमहोत्सव असताना.

बारा-साडेबाराला जेवायला बसलो की कोपऱ्यात फिडल (व्हायोलिन) सुरू असेल, असे गृहीत धरून जाऊ नये. दुपारचे सेशन साधारण दोन-तीनच्या सुमारास सुरू होते, म्हणजे दुपारच्या जेवणाची वेळ संपत आलेली असते. शिवाय गॉलवे किंवा डब्लिनहून येणाऱ्या एकदिवसीय बसेस डूलिनमध्ये जेवणासाठी तासभर थांबतात आणि तो तास अनेकदा संगीताच्या आधीच संपतो. ज्यांना संगीत महत्त्वाचे वाटते त्यांनी एकदिवसीय बसने येऊ नये आणि शक्य असल्यास डूलिनमध्ये एक रात्र मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. कोणता महिना आणि कोणता वार निवडावा?

मे ते सप्टेंबर हा काळ आणि रविवार हा वार. भर हिवाळ्यात डूलिनमधील अनेक व्यवसाय बंद असतात किंवा केवळ शनिवार-रविवारी उघडतात. जुलैमधील एका विशेष आठवड्याविषयी प्रश्न २० पाहावा.

५. सेशन म्हणजे कार्यक्रमच ना? तिकीट किती असतं?

तिकीट नसते, कारण सेशन हा कार्यक्रम नाही. वादक एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, आणि त्यांच्यातल्या काहींची पाठ श्रोत्यांकडे असते. ते एकमेकांसाठी वाजवत असतात आणि आपल्याला ते ऐकण्याची मुभा असते. बहुतेक पबमध्ये दोन-तीन वादकांना मालक मानधन देतो, म्हणजे ठरल्या वेळी वादन सुरू होईल याची खात्री राहते. बाकीचे वादक आपापली वाद्ये घेऊन येतात आणि सामील होतात. ध्वनिक्षेपक नसला, तर ते सेशन अस्सल असण्याची शक्यता अधिक. पर्यटकांसाठी शहरांमध्ये जेवण, नृत्य आणि संगीत असा जो तिकीट लावून प्रयोग होतो तो वेगळा, आणि वेळेचे बंधन असलेल्या मोठ्या गटांना तोच अधिक सोयीचा पडतो.

६. हे संगीत पबमध्येच का वाजवतात? देवळात, म्हणजे चर्चमध्ये, किंवा सभागृहात का नाही?

पब ही या संगीताची मूळ जागा नव्हे. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही बराच काळ ते घरांच्या स्वयंपाकघरात आणि उन्हाळ्यात गावाबाहेरच्या चौरस्त्यांवर, नाचाच्या साथीला वाजत असे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचासाठी परवाना आवश्यक केला. धर्मगुरूंचाही घरगुती नाचांना विरोध होताच. त्या दबावाखाली आणि सततच्या स्थलांतरामुळे घरांतली वादने आटत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये बांधकामावर काम करणारे आयरिश मजूर भाड्याच्या एका खोलीत राहत. तिथे वाद्य वाजवणे शक्य नव्हते, म्हणून ते पबमध्ये एकत्र येऊन वाजवू लागले. पबमधल्या सेशनची आज दिसणारी रीत मुख्यतः तिथे रुजली आणि नंतर आयर्लंडमध्ये परतली. १९५१ मध्ये मलिंगार येथे ‘कोल्तस क्योल्तोरी एरन’ ही आयरिश पारंपरिक संगीताचा प्रसार करणारी संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिथे पहिला ‘फ्ला’ हा संगीतमेळा भरला. या दोन्हींनी पुढच्या पिढ्यांना या वाद्यांकडे वळवले.

७. जेवण आणि संगीत एकाच टेबलावर बसून घेता येईल का?

कधी कधी घेता येते, पण त्यावर विसंबून राहू नये. जेवणाची टेबले बहुधा एका बाजूला आणि वादकांचा कोपरा दुसऱ्या बाजूला असतो. मी सर्वांना एकच क्रम सुचवतो : दुपारी एकपर्यंत जेवायला बसावे, दोन-अडीचपर्यंत जेवण आटोपावे, मग चहा किंवा अन्य पेय घेऊन वादकांच्या जवळची जागा धरावी. काटे-चमच्यांच्या आवाजात सुरुवातीचे संथ वादन हरवते आणि वेटरच्या येण्या-जाण्याने वादकांनाही त्रास होतो. वादकांच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तरी त्यांवर बसू नये. त्या येणाऱ्या वादकांसाठी ठेवलेल्या असतात आणि त्याची पाटी प्रत्येक वेळी असतेच असे नाही.

८. आम्ही शाकाहारी आहोत. काय मिळेल आणि काय विचारून घ्यावं?

पूर्वीपेक्षा परिस्थिती पुष्कळ चांगली आहे. दिवसाचे सूप आणि सोडा ब्रेड, चीज टोस्टी, बकरीच्या चीजचे सॅलड, भाज्यांचा बर्गर आणि अनेक पबमध्ये चक्क भाज्यांची करीही मिळते. गव्हाचे जाडसर पीठ, खाण्याचा सोडा आणि ताक यांपासून केलेला तपकिरी सोडा ब्रेड लोण्याबरोबर फार चांगला लागतो. काही ठिकाणी त्यात अंडे घालतात, म्हणून विचारून घ्यावे.

खरी अडचण मेन्यूवर न दिसणाऱ्या घटकांची असते. भाज्यांचे सूप कोंबडीच्या स्टॉकमध्ये केलेले असू शकते. बटाट्याचे चिप्स ज्या तेलात तळतात त्याच तेलात मासेही तळतात आणि काही ठिकाणी तळणीसाठी तेलाऐवजी गाईची चरबी वापरतात. चीजकेक आणि मूसमध्ये जिलेटिन असू शकते, तर वूस्टर सॉसमध्ये मासे असतात. कायद्यानुसार प्रत्येक पदार्थातील १४ प्रकारचे ॲलर्जीकारक घटक लेखी द्यावेच लागतात आणि मेन्यूवर पदार्थापुढे दिसणारे छोटे आकडे त्यासाठीच असतात. मात्र त्या यादीवर शाकाहारी मंडळींनी विसंबून राहणे धोक्याचे आहे. त्यात अंडी, दूध, मासे, सेलरी असे घटक येतात. कोंबडी, गोमांस, डुकराचे मांस आणि जिलेटिन हे ॲलर्जीकारक मानले जात नसल्याने त्यांचा उल्लेख तिथे होत नाही. म्हणून वेटरला ‘हे शाकाहारी आहे का?’ इतकेच न विचारता ‘स्टॉक कशाचा आहे?’ आणि ‘चिप्स कोणत्या तेलात, कशाबरोबर तळता?’ असे दोन थेट प्रश्न विचारावेत. गर्दी नसेल तर वेटर स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतो.

९. मांसाहारी आहोत, पण गोमांस आणि डुकराचं मांस खात नाही. मग?

समुद्रकिनारा जवळ असल्याने मासळी मागवणे सर्वांत चांगले. सीफूड चाउडर हा मासे, शिंपले, बटाटे आणि साय यांचा दाट रस्सा सोडा ब्रेडबरोबर देतात आणि दुपारच्या जेवणाला तोच पुरतो. त्यात कधी कधी बेकनचे (डुकराच्या मांसाचे) तुकडे असतात, एवढे विचारून घ्यावे. आयरिश स्टू पारंपरिक रीतीने मेंढीच्या किंवा कोकराच्या मांसाचा करतात, पण गिनेस बिअर घातलेला स्टू किंवा ‘पाय’ (pie, पिठाच्या आवरणात भाजलेला पदार्थ) असे लिहिले असेल, तर ते गोमांस समजावे. ब्लॅक पुडिंग या सॉसेजमध्ये डुकराचे रक्त असते.

१०. चतुर्थी किंवा एकादशीचा उपवास असेल, किंवा जैन जेवण हवं असेल तर?

उपवासाला उकडलेला किंवा भाजलेला बटाटा, लोणी, दूध आणि फळे एवढे मिळू शकते. चिप्सबाबत प्रश्न ८ मधील तेलाचा मुद्दा लागू होतो. जैन मंडळींसाठी आयरिश पबचे स्वयंपाकघर खरोखर कठीण आहे, कारण सूपपासून सॉसपर्यंत कांदा आणि बटाटा सर्वत्र असतो; त्यांनी जेवण मुक्कामीच करून संगीतासाठी तेवढे पबमध्ये यावे.

११. आम्ही दारू पीत नाही. तरी पबमध्ये जावं का?

निःसंकोच जावे. गावाकडचा आयरिश पब हे भेटीगाठींचे, जेवणाचे आणि वर्तमानपत्र वाचत बसण्याचेही ठिकाण असते. चहा, कॉफी, फळांचे रस, सोडा आणि अल्कोहोल नसलेली बिअर सर्वत्र मिळते आणि चहाची किटली मागवून दोन तास संगीत ऐकणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. एवढे मात्र पाळावे की जागा अडवून ठेवायची तर काहीतरी मागवत राहावे, कारण वादकांचे मानधन त्या गल्ल्यातूनच निघते. सिगारेटच्या धुराची भीती बाळगू नये. २९ मार्च २००४ पासून आयर्लंडमध्ये पबसह सर्व बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे.

१२. लहान मुलांना आत घेतात का?

दुपारी घेतात. १५ वर्षांखालील मुलांसोबत आई, वडील किंवा पालक असणे बंधनकारक आहे आणि १८ वर्षांखालील कोणालाही रात्री ९ नंतर, मे ते सप्टेंबर या काळात रात्री १० नंतर, बारमध्ये थांबता येत नाही. म्हणून मुले असलेल्या कुटुंबांसाठी दुपारचे सेशन फार मोलाचे ठरते. मुलांनी वादकांच्या जवळ बसून पाहिल्यास वादकांना आनंदच होतो, कारण त्यांच्यातले बरेच जण असेच टेबलाजवळ बसून शिकलेले असतात; मात्र वाद्यांना, विशेषतः बाकावर ठेवलेल्या फिडलला, हात लावू देऊ नये.

१३. वयस्कर आई-वडिलांना झेपेल का?

झेपेल. दुपारी गर्दी कमी असते आणि बसायला जागा मिळते. जुन्या इमारतींमधली स्वच्छतागृहे अरुंद असतात, तिथे पायऱ्याही असू शकतात. चाकाची खुर्ची असल्यास आधी फोन करावा. कानाचे यंत्र वापरणाऱ्यांनी ढोलाजवळ बसू नये.

१४. ऑर्डर कशी द्यायची, साधारण खर्च किती येतो आणि टिप द्यायची का?

काही ठिकाणी वेटर टेबलावर येतो, तर काही ठिकाणी बारवर जाऊन टेबलक्रमांक सांगून ऑर्डर द्यावी लागते. शंका असेल तर बसण्याआधी विचारावे. मुख्य पदार्थाला साधारणपणे १५ ते २५ युरो पडतात, सूप आणि टोस्टी त्याहून स्वस्त असतात आणि छापील किमतीत कर धरलेला असतो. नळाचे पाणी मागितल्यास बहुधा विनामूल्य मिळते. टेबलावर जेवण वाढले गेल्यास १० टक्क्यांच्या आसपास टिप देण्याची पद्धत आहे, बारवर घेतलेल्या पेयांवर ती अपेक्षित नसते. मोठ्या गटाच्या बिलात सेवाशुल्क आधीच लावलेले असू शकते, तेवढे तपासून घ्यावे.

१५. वाद्यं कोणकोणती असतात?

फिडल, लाकडी बासरी, टिन व्हिसल, बटनांचा अकॉर्डियन, कॉन्सर्टिना (दोन्ही हातांनी दाबून-ओढून वाजवायची छोटी पेटी), चार तारांचा बँजो, गिटार, बुझुकी, बोरान आणि भाग्य असेल तर इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप. फिडल म्हणजे व्हायोलिनच. धरण्याची आणि गज चालवण्याची तऱ्हा तेवढी वेगळी. क्लेअरमध्ये कॉन्सर्टिनाला विशेष मान आहे. हार्प हे देशाचे बोधचिन्ह असले, तरी पबमधील सेशनमध्ये ती क्वचितच दिसते.

यांतली सगळीच वाद्ये पुरातन नाहीत. बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य १९६० च्या दशकात वादक जॉनी मॉयनिहन यांनी या संगीतात आणले, आणि बकरीचे कातडे ताणून केलेला बोरान हा हातातला ढोलही त्याच दशकात संगीतकार शॉन ओ रियादा यांच्यामुळे मंचावर प्रतिष्ठित झाला.

इलन पाइप्स वाजताना जवळून पाहण्याची संधी सोडू नये. वादक बसूनच वाजवतो. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली हवेची पिशवी. तोंडाने फुंकायचे काहीच नसल्याने तो वाजवता वाजवता शेजाऱ्याशी बोलूही शकतो. मांडीवर टेकवलेल्या नळीवर बोटांनी सुरावट चालते, आडव्या नळ्यांमधून अखंड षड्ज घुमतो आणि रेग्युलेटर नावाच्या बंद नळ्यांच्या चाव्या तो मनगटाच्या कडेने दाबून मधूनच स्वरसमूह वाजवतो. नळी मांडीवर दाबून तिचे खालचे तोंड बंद केले, की स्वर तुटक निघतात. या वादनपरंपरेचा २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

१६. आम्हाला सगळ्या धून सारख्याच वाटतात. नेमकं काय ऐकायचं?

पहिल्यांदा ऐकणाऱ्या बहुतेकांना असेच वाटते. रचना कळली, की दहा मिनिटांत फरक पडतो. बहुतेक धून दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा (माप म्हणजे मात्रांचा एक गट, इंग्रजीत ‘बार’) असून तो दोनदा वाजतो, म्हणजे एक आवर्तन ३२ मापांचे होते आणि चढ्या लयीत ते अर्ध्या मिनिटाच्या थोडे पुढे संपते. एक धून दोन-तीनदा वाजवून न थांबता दुसऱ्या धुनेत आणि मग तिसऱ्या धुनेत जातात. या साखळीला सेट म्हणतात. दुसरा भाग बहुधा वरच्या स्वरांत जातो, तो आधी ओळखायला शिकावे.

धून बदलण्याचा क्षण सर्वांत रंगतदार असतो. सेट सुरू करणारा वादक शेवटच्या आवर्तनात मान वर करतो, भुवई उंचावतो किंवा ‘हप्’ असा आवाज काढतो. पुढचे माप सुरू होताच नवी धून येते, आणि इतर जण एक-दोन स्वरांत ती ओळखून सामील होतात. ज्यांना ती येत नाही ते वाद्य मांडीवर ठेवून स्वस्थ ऐकतात. कागद कोणापुढेही नसतो.

त्यानंतर ताल. त्यावरून धुनेचा प्रकार ओळखतात. जिगमध्ये सहा मात्रा तीन-तीनच्या गटात पडतात, रीलमध्ये आठ मात्रांची सलग धाव असते आणि स्लिप जिगमध्ये नऊ मात्रा तीनाच्या तीन गटांत येतात. एकच धून दोन पबमध्ये वेगळी ऐकू येईल, कारण स्वर कुठे वळवायचा, कुठे बोटाने झटका देऊन कणस्वर लावायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

१७. मी हिंदुस्थानी संगीत शिकले आहे. यात ओळखीचं काही सापडेल का?

पुष्कळ सापडेल. स्वरमेळ या संगीतात, साथीच्या गिटार-बुझुकीखेरीज, फारसा महत्त्वाचा नाही. सर्व वादक एकच सुरावट आपापल्या वळणाने वाजवतात. धुनेचे स्वर प्रामुख्याने चार प्रकारच्या स्वरपंक्तींत बसतात, आणि त्या आपल्या बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी या थाटांच्या स्वरांशी जुळतात. कोमल निषाद असलेली रील ऐकताना खमाजची आणि त्याच्या जोडीला कोमल गंधार आला, की काफीची आठवण होणे स्वाभाविक आहे. जिग दादऱ्याच्या वजनात आणि रील केहरव्याच्या वजनात मोजता येते.

साम्य इथेच थांबते. रागाचे चलन, वादी-संवादी आणि आलापाने केलेला विस्तार येथे नाही. धून ठरलेली असते आणि कलाकाराचे स्वातंत्र्य तिच्या बारीक वळणांत असते. शान-नोस ही साथीविना, मुक्त लयीत आयरिश भाषेत गाण्याची जुनी पद्धत ऐकायला मिळाली, तर आपल्या कानांना ती सर्वांत जवळची वाटण्याची शक्यता आहे.

१८. टाळ्या, गप्पा, फर्माईश, व्हिडिओ, वादकांना पैसे : काय चालतं आणि काय नाही?

सेट पूर्ण संपल्यावर टाळ्या द्याव्यात. मधल्या धुनेच्या बदलावर सेट संपला असे समजू नये. धून चालू असताना हळू आवाजात बोलणे चालते. मात्र एखादी व्यक्ती गाऊ लागली, की संपूर्ण पब शांत होतो. अशा वेळी बोलणे, खुर्ची सरकवणे किंवा बारवर ऑर्डर देणेही टाळावे. हातांनी जोरात ठेका धरू नये, कारण पाठीमागून येणारा चुकीचा ठेका वादकांना लय राखणे कठीण करतो.

फर्माईश शक्यतो करू नये. पर्यटकांच्या ओळखीची आयरिश गाणी वेगळ्या परंपरेतली असतात आणि अनेक वादक ती वाजवत नाहीत. त्याऐवजी सेट संपल्यावर ‘आत्ता वाजवलेल्या धुनेचं नाव काय?’ असे विचारावे. नाव अनेकदा त्यांनाही आठवत नाही, पण ती कोणाकडून शिकली, हे मात्र ते आवडीने सांगतात.

थोडा वेळ छायाचित्रण करायचे असल्यास विश्रांतीच्या वेळी विचारावे, फ्लॅश वापरू नये आणि संपूर्ण सेशन रेकॉर्ड करत बसू नये. वादकांच्या हातात पैसे देण्याची पद्धत नाही. दाद द्यायची असेल, तर बारवर जाऊन ‘वादकांसाठी एक फेरी’ असे सांगावे. कोण काय पितो, हे बारमागच्या माणसाला ठाऊक असते आणि त्यांतले काही जण चहाच पितात.

१९. मी बासरी वाजवतो आणि मित्र तबला वाजवतो. आम्हाला सामील होता येईल का?

बासरीला शक्यता चांगली आहे, तबल्याला कमी. या संगीतात बहुतेक धून डी आणि जी या पट्ट्यांतल्या असतात. पांढरी पाचच्या बासरीची सहाही छिद्रे बंद केली, की मंद्र पंचम म्हणून जो स्वर निघतो तो डी असतो, आणि तिथून क्रमाने छिद्रे उघडत गेल्यास डी पट्टीचे सप्तक जसेच्या तसे मिळते. म्हणून हीच बासरी न्यावी. सुरुवातीला फक्त ऐकावे, विश्रांतीच्या वेळी परवानगी मागावी आणि जी धून पूर्ण येते तीच वाजवावी. अंदाजाने सूर लावत राहणे किंवा धुनेवर आलाप घेणे येथे असभ्य मानले जाते. कोणी ‘एखादी धून सुरू करा’ असे म्हटले, तर तो मान आहे; तेव्हा स्वतःची एखादी भारतीय धून वाजवायला हरकत नाही.

तालवाद्याबाबत नियम कडक आहे. एका सेशनमध्ये एका वेळी एकच बोरान वाजतो आणि दुसरा बोरानवादक आपली पाळी येईपर्यंत थांबतो. तबल्याचा आवाज आणि घुमारा तिथे सहज वरचढ होईल, त्यामुळे वादकांनी स्वतः आग्रह केल्याशिवाय तो बाहेर काढू नये.

२०. इतकं सगळं करून सेशन झालंच नाही तर?

असे होऊ शकते. वादक आजारी पडतात, गावात कोणाचे निधन झाले तर वादन रद्द होते. दर जुलैच्या पहिल्या शनिवारपासून मिलटाउन मॅलबे येथे विली क्लॅन्सी समर स्कूल ही पारंपरिक संगीताची शाळा भरते; १९७३ पासून चालत आलेल्या या मेळाव्यासाठी वादक तिकडे लोटतात. त्या आठवड्यात डूलिनहून दक्षिणेला मिलटाउनलाच जावे, तिथे भरदुपारीही पबमध्ये वादन चालू असते. इतर वेळी डूलिनमधल्या दुसऱ्या पबमध्ये विचारावे आणि तिथेही काही नसेल तर संध्याकाळसाठी एनिस किंवा गॉलवे गाठावे.

२१. तिथे जायचं कसं? गाडी चालवणाऱ्यानं एखादा ग्लास घेतला तर चालेल का?

गॉलवेहून डूलिन सुमारे दीड तासावर आहे. गॉलवे ते एनिस ही ‘बस एरन’ या कंपनीची ३५० क्रमांकाची बस डूलिन आणि क्लिफ्स ऑफ मोहरमार्गे जाते. फेऱ्या कमी असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. वाहने भारताप्रमाणेच डावीकडून चालतात. मद्याची मर्यादा रक्तात १०० मिलीलिटरमागे ५० मिलिग्रॅम, तर शिकाऊ, नवशिक्या आणि व्यावसायिक चालकांसाठी २० मिलिग्रॅम आहे. गाडी चालवणाऱ्याने काहीच घेऊ नये, हेच योग्य. रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत.

२२. आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. तो चालेल का?

चालणार नाही. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नाही आणि भारतीय पारपत्रधारकांना वेगळा आयरिश व्हिसा लागतो. ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची नोंद असलेला ब्रिटिश व्हिसा मात्र चालतो. ती नोंद आपल्या व्हिसावर आहे का, हे आधी पाहावे.

२३. आमचा तीस जणांचा गट आहे. एकत्र बसता येईल का?

लहान पबमध्ये तीस माणसे एकदम शिरली, तर वादकांच्या नेहमीच्या श्रोत्यांना जागा उरत नाही आणि सेशनचे स्वरूपच बदलते. जेवणासाठी आगाऊ नोंदणी करून एकत्र बसावे आणि जेवणानंतर सहा-सातच्या तुकड्या करून वेगवेगळ्या पबमध्ये विखरावे. सर्वांना एकत्रच ऐकायचे असेल, तर पबमालकामार्फत दोन-तीन वादकांना मानधन ठरवून स्वतंत्र खोलीत बोलावणे हा सरळ मार्ग आहे, आणि तिथे प्रश्न विचारायला, वाद्ये जवळून पाहायलाही वेळ मिळतो. एनिसमध्ये ‘कोल्तस’चे (प्रश्न ६ मधील संस्थेचे) केंद्र आहे, त्यांच्याकडेही चौकशी करावी.

२४. आम्ही एडिनबर्गला राहतो. हेच सगळं तिथेही लागू होतं का?

टेबलाभोवतीची शिस्त, टाळ्या, जागा आणि सामील होण्याचे नियम जवळपास तेच आहेत. तिथल्या ‘सँडी बेल्स’ या पबमधील सेशन प्रसिद्ध आहेत आणि शनिवार-रविवारी दुपारीही वादन असते का, हे फोन करून विचारावे. वादनात मात्र फरक जाणवेल : स्कॉटलंडमध्ये स्ट्रॅथस्पे हा खटकेदार लयीचा प्रकार असतो. मुलांच्या प्रवेशाचे नियम तिथे पबच्या परवान्यानुसार बदलतात, त्यामुळे प्रश्न १२ मधील वयाच्या अटी तिथे गृहीत धरू नयेत. जानेवारीत ग्लासगोला जाणे शक्य असेल, तर १९९४ पासून होणारा ‘केल्टिक कनेक्शन्स’ महोत्सव पाहावा. तिथे स्कॉटिश, आयरिश आणि ब्रेतॉन वादक एकाच आठवड्यात ऐकायला मिळतात आणि प्रश्न १ मध्ये सांगितलेला फरक लागोपाठ ऐकून पारखता येतो.